शिवेवरचा खिळा

बांधावरून कुणीतरी येताना दिसलं तेव्हा रुखमा अंगणात वाळत घातलेली मोहफुलं हातानं वरखाली करत होती. उन्हात त्यांचा गोड, जड वास सगळ्या अंगणावर बसला होता. ही फुलं तिचा धाकटा दीर श्रावण आणि त्याची बायको सुकरी यांनी वेचलेली. श्रावणाला वाघानं मारल्यापासून गावातलं कुणी जंगलात पाय ठेवत नव्हतं. तिकडे झाडांखाली फुलांचा सडा पडून कुजत होता, आणि इकडे अंगणातली फुलं भरून ठेवायला कुणाचा हात होत नव्हता.

येणाऱ्या बाईचं लुगडं पांढरं होतं, खांद्याला कापडी पिशवी होती. चाल रुखमानं लांबूनच ओळखली. नणंद होती, इंदू.

"आत्याबाई," ती मागं न बघता सासूला म्हणाली, "इंदुबाई येऊन राह्यल्या."

ओसरीवर बसलेल्या बायनाबाईनं मान वर केली नाही. "येऊ दे," एवढंच बोलली.

चांद्याकडच्या मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करता करता इंदूनं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा रुखमाच्या नवऱ्यानं, सोमाजीनं, याच अंगणात उभं राहून बहिणीला सांगितलं होतं, "आमच्यासाठी तू मेलीस." त्यानंतर ती राखीलाही आली नव्हती. आणि आली ती आज! आज लटारू पुजारी शीव बांधायला येणार होता.

या गावची रीत जुनी होती. वाघानं मारलेला माणूस घरी येत नाही, त्याचं मढंही शिवेच्या आत येत नाही. पडला तिथंच त्याला मातीआड करायचं. तो जंगलातच फिरत राहतो म्हणतात, आणि दिवस बुडताना घरच्यांना हाका मारतो. जो ओ देईल त्याला घेऊन जातो. म्हणून त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, दिवेलागणीला दारं लावायची, आणि बाहेरून आलेल्या हाकेला उत्तर द्यायचं नाही. मग पुजारी दिवस ठरवतो. शिवेवरच्या येनाच्या झाडात लोखंडी खिळे ठोकून त्याला पलीकडे बांधून टाकतात. पहिला घाव आईनं घालायचा. घालताना म्हणायचं, घर तुहं नाई, वाट तुही नाई, माय तुही नाई.

इंदू अंगणाच्या कडेला येऊन थांबली. ओसरी चढली नाही. तिथूनच तिनं आईकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की रुखमालाच उठावं लागलं.

"बसा ना. उभ्या काऊन? चहा मांडतो."

"नको वहिनी."

"आमच्या घरचं चालत नाई काय आता?"

"तसं नाई व. उपास हाय."

रुखमाच्या हातातली फुलं हातातच राहिली. "तुमच्यातबी असते उपास?"

"असते ना. दिवस बुडल्यावर खाईन, तुह्याच हातचं. मिरचीचा ठेचा करजो."

"ठेच्याले काय, करतो. आधी तुमच्या भावाले पचू द्या तुमचं येनं," रुखमा पुटपुटली. पण तांब्याभर पाणी तिनं स्वतः नेऊन नणंदेच्या पायांवर घातलं. असं करायचं तिनं ठरवलं नव्हतं.

"सुकरी कुठी हाय?" इंदूनं विचारलं.

रुखमानं घरामागे बोट दाखवलं. तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

*

मागच्या सांदवाडीत गवताच्या छपरीखाली सुकरी बसली होती. मांडीवर कमळा झोपलेली. नवरा गेला त्या दिवसापासून मायलेकींना इथंच बसवलं होतं. पाणी वरून ओतत, पेज दुरून सरकवत. कुणी दुष्टाव्यानं करत नव्हतं. मेलेल्याची पहिली हाक बायकोलाच येते म्हणतात, म्हणून घरच्यांची तिच्यावर नजर होती.

इंदू तिच्या पाठीमागे येऊन बसली आणि पिशवीतली फणी काढून, न विचारता तिचे जटा झालेले केस सोडवायला लागली.

"नोको ताई. रुखमाबाई बोलतीन."

"बोलू दे. तिचं बोलनं मिरची कुटल्यासारखं असते. ठसका लागते, पन जेवन बेस होते."

सुकरीला हसू आलं नाही, पण तिचे खांदे थोडे खाली आले. बऱ्याच वेळानं ती बोलली, तेही समोरच्या कुडाकडे पाहत.

"ताई, मले त्याचं भेव लागते. माह्याच नवऱ्याचं. दिवस कलला का मी कान लावून बसतो. एक मन म्हनते, मार रे एक हाक, तुहा आवाज तरी आयकू दे. दुसरं म्हनते, नोको मारू बापा, नोको मारू. ह्या पोरीले कोन पाहीन? असं कधी झालं काय कोनाचं? आपलाच मानूस, अन् आपनच त्याले कडी लावून बसलो."

इंदूचे हात थांबले नाहीत. श्रावणाला तिनंच कडेवर घेऊन वाढवलं होतं, त्याच्या नाकातला शेंबूड याच हातांनी पुसला होता. तिलाही बोलायचं होतं, पण आधी तिच्या ओठांची नुसती हालचाल झाली. प्रार्थना असावी.

"माह्याजवळ सांगाले एकच गोष्ट हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात फडकी धुता धुता एका म्हाताऱ्या नर्सबाईनं सांगितली होती. मीबी तवा भेलेलीच होतो. तुम्हा साऱ्यायनं मले टाकलं होतं."

"सांग," कुडापलीकडून आवाज आला. "मीबी आयकतो."

बायनाबाई कुडाला टेकून उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ती आत आली आणि सुनेपासून हातभर अंतरावर बसली. मग थोडी सरकली, आणि अंतर राहिलं नाही.

"तुह्या देवाले कसं मारलं म्हनते?"

"लाकडावर खिळे ठोकून, माय."

"कुठी?"

"गावाच्या बाहेर. भिंतीच्या पल्याड टेकडी होती, तिथी नेलं. असं मरन गावात नोको म्हनून."

म्हातारीनं ते मनाशी घोळवलं. "बाहेर," ती म्हणाली. "काय केलं होतं त्यानं?"

"काईच नाई. दुखनेकऱ्यायले हात लावला. लोकायनं ज्यायले बाहेर बसवलं, त्यायच्यासंगं जेवला."

"त्याची माय जित्ती होती काय?"

"होती. तिथीच होती, खाली उभी."

"तिले लावला काय खिळा ठोकाले?"

फणी मध्येच थांबली. इंदूनं ही गोष्ट कितीदा ऐकली होती, हॉस्पिटलच्या चर्चमध्ये गुडघे टेकून मनात पाहिली होती, पण हा प्रश्न तिला कधी सुचला नव्हता.

"नाई माय," ती हळूच म्हणाली. "ते शिपायायनं ठोकले. ती नुसती उभी होती. सोबतीचे पळून गेले, ती नाई गेली."

"उभी होती," बायनाबाई म्हणाली. पदरानं तिनं तोंड पुसलं. "अन् मंग? असं मरन आलेल्या मानसाले लोक भेले असतीन ना?"

"भेले ना. त्याचेच सोबती घरात कडी लावून बसले. तिसऱ्या दिवशी तो त्यायच्यामंधी येऊन उभा राह्यला, तं त्यायले वाटलं भूतच आलं."

सुकरीनं झोपलेल्या पोरीला छातीशी ओढलं. "मंग?"

"त्यानं म्हटलं, भिऊ नका. हात दाखवले. खिळ्यायची भोकं तशीच होती. मंग म्हने, खाले काई हाय काय? त्यायनं भाजलेला मासा देला. त्यायच्यासमोर बसून खाल्ला त्यानं."

आणि बायनाबाई हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, तिच्या पोटातून खुदकन काहीतरी वर आलं. "भुकेलाच आला म्हना! आमचा श्रावन असाच. कुठूनबी येवो, पायावर पानी घ्याच्या आधी, माय खाले काय हाय!"

नाव घेतलं गेलं होतं. तिघींच्या नजरा कुडाकडे गेल्या. कुडावरचा सरडा मान वरखाली करत राहिला. दुसरं काहीच झालं नाही.

"पन ताई," सुकरी म्हणाली, "तो देव होता. आपला तं मानूसच."

"म्हनून तं तो मानसाच्या वाटंनं गेला. ज्या वाटंचं आपल्याले भेव वाटते, त्या वाटंनं आधी जाऊन आला. श्रावन झाडाखाली पडला तवा तू नव्हती, मी नव्हतो, मायबी नव्हती. तो होता. आपला श्रावन त्याच्या हातात हाय. मले एवढंच मालूम हाय, सुकरी. याच्यावर मले कोनी काई सांगितलं, तं मी हो म्हननार नाई."

"अन् खिळे?" बायनाबाईनं विचारलं.

"खिळे ठोकून झाले, माय. सारे त्याच्याच आंगात गेले. आता दुसऱ्या कोनाच्या नावानं ठोकाचे राह्यले नाई."

*

उन्हं झाडांच्या पलीकडे झुकायला लागली तेव्हा लटारू पुजारी आला. फडक्यात गुंडाळलेले खिळे त्यानं ओसरीवर ठेवले आणि आपला दुखरा गुडघा दाबत खाली बसला. इंदूला पाहून त्याला राग आला नाही.

"आली काय व पोरी? तुह्या दवाखान्यात ह्या गुडघ्याले काई दवा हाय काय?"

"हाय ना, लटारूभाऊ. पन तुमी तिथी आले तं इथी लोक काय म्हनतीन?"

"सांगून कोन येते!" म्हातारा हसला.

सोमाजी हसला नाही. खांबाला पाठ लावून तो उभा होता. बहीण सकाळपासून घरात आहे हे त्यानं पाहिलं होतं आणि एक शब्द बोलला नव्हता. आज त्याला भांडायचं नव्हतं. आज फक्त हे एकदाचं पार पाडायचं होतं. श्रावणाला शोधायला गेलेल्यांत सगळ्यांत पुढे तो होता. त्यानं जे पाहिलं ते दुसऱ्या कुणाला दिसायच्या आत आपलं धोतर सोडून झाकलं होतं. त्या दिवसापासून डोळे मिटले की तेच. पोरांना त्यानं मामाच्या गावी पाठवून दिलं होतं. शेजारचे त्याच्या विहिरीवर यायचे थांबले होते.

"चल माय," तो म्हणाला. "दिवस बुडाच्या आधी वापस येवाचं हाय."

"मी येतो शिवेवर," बायनाबाई म्हणाली. "उभी राहीन. पन ठोकनार नाई."

"काय?"

"अन् ते बोलबी बोलनार नाई. ज्या तोंडानं त्याले अंगाई म्हटली, त्या तोंडानं, माय तुही नाई, असं मी म्हनू काय?"

सोमाजीनं बहिणीकडे पाहिलं. "हे तुहं काम हाय."

"भाऊ, मी मायले काई करू नोको म्हटलं नाई."

"म्हटलं नाई, पन सकाळपासून कानाशी बसली ना! तुले काय? उद्या तू मोटर पकडून जाशीन चांद्याले. आमाले इथी राहाचं हाय. माह्या पोरायले इथी राहाचं हाय!"

"मालूम हाय भाऊ."

"काय मालूम हाय? तू पाह्यलं काय त्याले? मी पाह्यलं!"

त्याचा आवाज फाटला. रुखमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या बाजूनं बोलायला तिनं तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं, आणि चुलीकडे परत वळली. सोमाजीच्या नजरेतून ते सुटलं नाही. आपल्याच घरात आपण एकटे पडलोय असं त्याला वाटलं.

"लटारूभाऊ, तुमी सांगा तिले," तो म्हणाला.

लटारूनं गुडघ्यावरचा हात काढला. "बायनाबाई, मी काई भेव विकत नाई," तो म्हणाला. "भेव गावात आधीच असते. मी त्याले खुंट्याले बांधतो, म्हनजे लोकायले झोप लागते. तुह्याजवळ त्याले बांधाले दुसरा खुंटा असन, तं मी भांडनार नाई. पन गावाले काय सांगू?"

"सांगा, म्हातारी ठोकत नाई म्हनते."

"भावाचा हात चालते काय?" सोमाजीनं विचारलं.

"चालते. पन एकट्यानं जा लागते."

सोमाजीनं फडकं उचललं, कोपऱ्यातला हातोडा घेतला आणि चालायला लागला. फाटकाशी इंदूनं त्याच्या दंडाला हात लावला, तो त्यानं झटकला नाही. फक्त थांबलाही नाही.

*

दिवे लागले. गावातल्या दारांच्या कड्या एकामागून एक वाजत गेल्या. सोमाजी आला नव्हता.

इंदूनं सुकरीला आणि कमळेला हाताला धरून घरात आणलं, तेव्हा रुखमानं अडवलं नाही. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं. चुलीवर भात होता, पाट्यावर इंदूसाठी केलेला ठेचा होता, आणि कुणी जेवत नव्हतं.

"लागते वेळ," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "खिळे ठोकाचे म्हनजे लागते वेळ."

तेवढ्यात हाक आली.

लांबून, जंगलाच्या अंगानं. "मायऽऽ!"

रुखमानं झडप घालून दाराला आडणा लावला आणि त्यालाच पाठ देऊन उभी राहिली. शेजारच्या घरातलं बोलणं एकदम बंद झालं. सगळं गाव श्वास धरून बसलं असावं.

"मायऽऽ वो!"

"आवाज कोनाचा हाय?" सुकरीनं विचारलं.

दोघा भावांचा आवाज लहानपणापासून एकसारखा. शेतातून कुणी हाक मारली तर बायकांनाही डोकावून पाहावं लागे. आणि अंतरावरून, असा ताणलेला, थकलेला आवाज. तो घरधन्याचा असेल, नाही तर त्याचा, ज्याला ओ द्यायची नव्हती.

बायनाबाई उठली. गुडघ्यांवर हात रेटून, हळू.

"आत्याबाई, नोको!" रुखमा रडायला लागली. "माह्या पाया पडून सांगतो... नाई, मी तुमच्या पाया पडतो. तो नसला तं? तो दुसरा असला तं?"

"कोनताबी असो," म्हातारी म्हणाली. "माय म्हनून राह्यला ना? दोघंबी माहेच हायेत. सरक पोरी."

रुखमा सरकली नाही. पण तिच्या पाठीतला जोर गेला होता. इंदूनं तिला अलगद बाजूला घेतलं आणि आडणा काढला. सुकरीनं कमळेला उचलून रुखमाच्या हातात दिलं. श्रावण गेल्यापासून तिच्या मुलीला या घरातल्या कुणी हात लावला नव्हता.

"बाई, हिले पाहा," असं म्हणून तिनं कंदील घेतला.

"तूबी?"

"मीबी," सुकरी म्हणाली. तिच्या हातातल्या कंदिलाची काच खुळखुळत होती. "भेव लागूनच राह्यलं, बाई. पन जातो."

इंदूनं दाराआडची काठी आईच्या हातात दिली आणि स्वतः पितळी थाळी अन् पळी घेतली. "वाघ तं खराच हाय," ती म्हणाली. "थाळी वाजवत चालू. बोलत चालू." आणि उंबऱ्यावर उभी राहून तिनं जंगलाकडे तोंड करून, छातीतला सगळा श्वास लावून उत्तर दिलं, "ओऽऽ! आलोऽऽ!"

कुठंतरी एक कुत्रं भुंकलं. कुणाचंही दार उघडलं नाही.

*

सोमाजी येनाच्या मुळांत पाय अडकून पडला होता. घोट्यात काहीतरी मोडलं होतं. हातोडा कुठं उडाला हे त्याला दिसत नव्हतं. तो हाका मारत होता खरा, पण कुणी येणार नाही हे त्याला माहीत होतं. येऊ नये, ओ देऊ नये, हे घरच्यांना रोज बजावून सांगणारा तोच होता.

आपल्याच आवाजाला सगळं गाव भिऊन बसलंय, हे त्याला हळूहळू समजलं, आणि मग एक विचार आला. श्रावणानंही हाक मारली असेल. वाघाच्या आधी, नाही तर नंतर. कुणालातरी. मला.

थाळीचा आवाज आला तेव्हा तो दचकला. झाडांमधून उजेड हलत येत होता. गावातून या वेळेला माणूस येत नाही.

"कोन?" तो ओरडला. "कोन हाय?"

"भिऊ नको, भाऊ," उजेडामागून आवाज आला. "आमीच होय."

तिघी आल्या. इंदू खाली बसली आणि पदर फाडून त्याचा घोटा बांधायला लागली. सोमाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "इंदे," तो म्हणाला. लहानपणी तिला तो असाच हाक मारायचा. "तू ओ देली?"

"मी देली."

"माय," तो आईकडे वळला, "खिळा ठोकला मी. एक. वर, तिथी. मंग ते बोल बोलाले गेलो, तं तोंडातून शबुद निंगेना. म्हनून वापस काढाले गेलो. दगडावर उभा राहून ओढला, तं निंगेना. पाय सरकला. तो तसाच हाय, माय. माह्या हातानं गेलेला."

बायनाबाईनं कंदील वर धरून पाहिलं. खोडात काळं डोकं दिसत होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यानं काई होत नाई. ते खिळे ज्याच्या आंगात जाचे होते, त्यानं ते कधीचेच घेतले. इंदीले विचार."

सोमाजी विचारू शकला नाही. लहान पोरासारखा तो रडत होता, आणि सुकरी, जिच्याकडे त्यानं इतके दिवस पाहिलं नव्हतं, ती त्याच्याजवळ बसून पदरानं त्याला वारा घालत होती.

मग बायनाबाई शिवेच्या पलीकडे दोन पावलं गेली. इंदूला वाटलं अडवावं, पण तिनं अडवलं नाही. म्हातारी काळोखाच्या झाडांकडे तोंड करून उभी राहिली. लेकाला जिथं मातीआड केलं होतं, ती जागा त्याच बाजूला होती.

"श्रावना," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, घरात बोलावं तशी. "आमी इतके दिवस तुले भेलो, बापा. तुले भेव लागत असन, हे कोनाच्या ध्यानातच नाई आलं. आता भिऊ नको. तुले न्याले तो येऊन गेला असन. त्याच्या हाताले खिळ्याची खून हाय म्हनते, वळखू येईन तुले. त्याच्यासंगं जाजो. आमी सोमाजीले घेऊन घरी जातो."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला तेव्हा तो चेहरा रडणाऱ्या बाईचा होता, पण भ्यालेल्या बाईचा नव्हता.

"धरा ह्याले," ती म्हणाली. "जड हाय हा. श्रावनपेक्षा जास्त खात होता."

*

रुखमानं दार पुन्हा लावलं होतं. कमळा तिच्या मांडीवर जागी होऊन तिच्या मण्यांशी खेळत होती. पोरीचं अंग गरम आणि हलकं होतं, आणि मोहफुलांसारखा तिलाही गोड वास येत होता. इतके दिवस आपण हिला दुरून पेज सरकवली, हे रुखमाला आठवत राहिलं.

थाळीचा आवाज गेला तो गेलाच. नंतर काहीच ऐकू आलं नाही. ते चौघं येत असतील, की कुणीच येणार नसेल. देवळीतला दिवा फडफडला. तिनं हात आडवा धरला. आपल्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाली, तेव्हा तिला इंदूचा तो उपाशी देव आठवला, ज्यानं कडी लावलेल्या घरात येऊन मासा मागितला. दुपारी पाटा धुता धुता तिनं कुडाआडून सगळं ऐकलं होतं. त्याचं नाव तिला नीट येत नव्हतं. तू कोनताबी असशीन, ती मनात म्हणाली, पन त्यायले घरी आन.

अंगणाच्या पलीकडे, अंधारातून आवाज आला. दमलेला, तुटका.

"रुखमाऽ!"

आवाज सोमाजीचा होता. नाही तर श्रावणाचा. तिला कळेना. दिवेलागणीनंतरच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे तिला तिच्या आजीनं शिकवलं होतं, आणि तिनं आपल्या पोरांना.

रुखमानं कमळेला कडेवर घेतलं, आडणा काढला आणि दार भिंतीला लागेपर्यंत सताड उघडलं.

"ओऽ," ती म्हणाली. "या ना. भात झाला."